बॅटरी बसली, बोट अडली! आउटबोर्ड मोटरला सुरक्षित जंप कसा द्यावा?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर लवकर विसरणार नाहीत. रात्रीतून विमानतळाच्या केंद्रावर १०० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीने काठ सोडले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोक झोपेतून उठले ते घरातल्या पाण्यातच. सीताबर्डीच्या दुकानांमध्ये पाणी शिरलं. एसडीआरएफ, एनडीआरएफ आणि लष्कराच्या तुकड्या आल्या आणि ज्या रस्त्यांवरून आपण रोज बाइकने जातो, त्या रस्त्यांवर रबरी बोटी चालल्या. किमान चार जणांचा जीव त्या पुरात गेला.

"नागपुरात समुद्र नाही, बंदर नाही, मग बोटीच्या मोटरवर लेख काहून?" असं कुणी विचारलं तर त्याचं उत्तर वर आलंच. शिवाय रामटेकजवळ खिंडसी आहे, पेंचचं तोतलाडोह आहे, पवनीजवळ गोसीखुर्दचं अफाट पाणी आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत गावंच्या गावं बोटीने बाहेर काढावी लागली. विदर्भातला माणूस बोटीत बसतो तो बहुतेक वेळा हौसेने नाही, तर वेळ आली म्हणून. आणि वेळ आली की नेमकी बॅटरी बसलेली असते!

बोट वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभी असते. पावसाळ्यात ताडपत्री काढली जाते, चावी फिरवली जाते आणि मोटर 'टक टक टक' करून गप्प बसते. मग कुणीतरी जीपची बॅटरी आणतो, कुणी दोन वायरी आणतो आणि सुरू होतो तो आपला 'जुगाड'. या जुगाडात नक्की काय घडतं, धोका कुठे आहे आणि योग्य पद्धत कोणती, हे समजून घेऊ. इलेक्ट्रिकलवाल्यांना यात ओहमचा नियम भेटेल, मेकॅनिकलवाल्यांना फ्लायव्हील, केमिकलवाल्यांना हायड्रोजन. सिव्हिलवाल्यांनी तलाव सांभाळला तर बाकीच्यांना हे काम पडणारच नाही, तो भाग वेगळा.

ओबीएम म्हणजे काय?

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं, वर इंजिन, मध्ये उभा शाफ्ट आणि खाली पंखा असं जे यंत्र दिसतं ते आउटबोर्ड मोटर. बचाव पथकांतले जवान तिला सरळ 'ओबीएम' म्हणतात. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये बनवलेल्या मोटरीपासून ही कल्पना व्यवहारात रुळली. नाव 'मोटर' असलं तरी बहुतेक ओबीएम पेट्रोल इंजिनंच आहेत.

ती सुरू करण्याचे प्रकार दोन. लहान मोटरी दोरी ओढून सुरू होतात, आपल्या बाइकच्या किकसारख्या. मोठ्या मोटरींना सेल्फ असतो, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी आणि स्टार्टर मोटर. मधल्या ताकदीच्या काही मोटरींना दोन्ही सोयी असतात. बचावकार्यात दोरीच्या मोटरी अजूनही आवडीने वापरतात, त्याचं कारण आता लक्षात आलं असेल. दोरीला चार्जिंग लागत नाही.

बॅटरी का बसते?

या बॅटऱ्या बहुतेक करून लेड-ॲसिड प्रकारच्या असतात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधलेलं तत्त्व आजही तेच आहे. शिशाच्या प्लेटा, सल्फ्युरिक ॲसिड आणि दोन-दोन व्होल्टचे सहा सेल. ही बॅटरी नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. तापमान दर १० अंशांनी वाढलं की हे आपोआप उतरणं साधारण दुप्पट होतं. आता आपला मे महिना आठवा. ४५ अंशांच्या नागपुरात, पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली बॅटरी जूनपर्यंत कशी तग धरणार?

त्यातून उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात. याला सल्फेशन म्हणतात. अशी बॅटरी चार्ज केली तरी पूर्ण ताकद देत नाही.

मल्टिमीटर असेल तर पाच मिनिटांत निदान होतं. काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीवर

१२.६ व्होल्ट किंवा जास्त : पूर्ण भरलेली
१२.२ व्होल्टच्या आसपास : निम्मी
११.९ व्होल्टच्या खाली : जवळजवळ रिकामी

आणि सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी कमजोर आहे असं समजा, मग विश्रांतीतला आकडा कितीही छान दिसो.

आधी खात्री करा, दोष बॅटरीचाच आहे का?

व्हायव्हात प्रश्न न ऐकताच उत्तर देणारे विद्यार्थी असतात, तसे आवाज न ऐकताच जंपर काढणारे लोक असतात. आधी ही यादी तपासा.

१. किल स्विचची लाल दोरी जागेवर आहे का? चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद व्हावं म्हणून ही दोरी त्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली असते. क्लिप निघालेली असेल तर इंजिन सुरू होणारच नाही.
२. गिअर न्यूट्रलला आहे का? गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये अशी सोय बहुतेक मोटरींत असते.
३. बॅटरीचा मेन स्विच सुरू आहे का? फ्यूज शाबूत आहे का?
४. टर्मिनल सैल आहेत का? त्यांच्यावर पांढरा-हिरवा थर जमला आहे का? नुसतं घासून घट्ट केल्यावर 'मेलेली' बॅटरी जिवंत होते, असं वर्कशॉपमधले कुठलेही काका सांगतील.

आता आवाज ऐका. चावी फिरवल्यावर भराभर टकटक होत असेल, दिवे मंद पडत असतील तर बॅटरी उतरली आहे. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, असं असेल तर बॅटरीचा काही दोष नाही. मग पेट्रोल, टाकीच्या झाकणावरची हवेची चकती, नळीवरचा दाबायचा रबरी फुगा आणि स्पार्क प्लग पाहा. अशा वेळी जंप देऊन काहीही साधणार नाही.

जंप न देताही काम होतं

इथे एक गोष्ट ठळक करून सांगायला हवी. बोटीवर जंप देणं हा शेवटचा उपाय आहे. त्याआधी दोन चांगले उपाय आहेत.

पहिला उपाय दोरीचा. दोरीची सोय बाहेरूनच असेल तर सरळ ओढा. बाहेरून नसेल तरी सेल्फच्या पुष्कळ मोटरींच्या पेटीत आपत्कालीन दोरी दिलेली असते. इंजिनाचं वरचं झाकण काढायचं, दोरीची गाठ फ्लायव्हीलच्या खाचेत अडकवायची, मोटरीच्या पुस्तकात दाखवलेल्या दिशेने वेढे द्यायचे आणि ओढायचं. पण सांभाळून! अशा वेळी गिअरमधली सुरक्षा काम करत नाही, त्यामुळे न्यूट्रल स्वतः तपासा. मागे कुणी उभं नको. मोकळं फ्लायव्हील मिनिटाला शेकडो फेऱ्या मारत असतं. लाइफ जॅकेटचा पट्टा, ओढणी, लांब केस, गळ्यातला दोरा त्यात अडकला तर सोडवायला वेळ मिळत नाही. इंजिन सुरू झाल्यावर झाकण बसवायच्या फंदात पडू नका. आणखी एक लक्षात ठेवा. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या पुष्कळ मोटरींना पंप आणि कॉम्प्युटर चालवायला थोडं तरी व्होल्टेज लागतं. तिथे दोरी कितीही ओढली तरी हात दुखण्यापलीकडे काही होत नाही.

दुसरा उपाय बॅटरी बदलण्याचा. चांगली १२ व्होल्टची बॅटरी हाताशी असेल तर तिच्यापासून वायरी कशाला ओढायच्या? तीच बसवा. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण सोपं आहे. निगेटिव्ह सुटलेलं असताना पान्हा चुकून इंजिनाच्या धातूला लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही.

थोडं गणित

स्टार्टर मोटर साधारण १०० ते २०० अँपिअर ओढते. आपण १५० धरू. व्होल्टेज १० आणि वेळ ३ सेकंद धरला तर

१५० × १० × ३ = ४५०० जूल, म्हणजे अवघे सव्वा वॉट-तास!

आपल्या खिशातल्या ५००० मिलिअँपिअर-तासांच्या मोबाइलमध्ये याच्या पंधरापट ऊर्जा असते. म्हणजे इंजिन सुरू करायला ऊर्जा फार लागत नाही. लागते ती शक्ती, १५०० वॉट एकदम. मोबाइलची बॅटरी हा झटका देऊ शकत नाही. खिशात मावणारे लिथियम 'जंप स्टार्टर' तो देतात, कारण त्यांच्या सेलचा अंतर्गत रोध फार कमी असतो.

आता वायरीकडे वळू. समजा जंपरच्या दोन्ही वायरी तीन-तीन मीटरच्या आहेत. एकूण तांबं ६ मीटर. तांब्याची रोधकता १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर धरून १५० अँपिअरला किती व्होल्ट वायरीतच खर्ची पडतील ते पाहा.

६ चौरस मिमी वायर : सुमारे २.६ व्होल्ट
१६ चौरस मिमी वायर : सुमारे १ व्होल्ट
२५ चौरस मिमी वायर : सुमारे ०.६ व्होल्ट

बारीक वायरीने १२ पैकी अडीच व्होल्ट खाल्ले तर स्टार्टरला काय उरलं? वर वायर तापते ते वेगळंच. बाजारात जाड दिसणाऱ्या स्वस्त जंपर वायरी मिळतात. त्यांच्यात बहुतेक जाडी प्लास्टिकचीच असते. तेव्हा किंमत विचारण्याआधी आतलं तांबं किती चौरस मिलिमीटर, ते विचारा.

खरा धोका : न दिसणारे दोन वायू

कारला जंप देणं आणि बोटीला जंप देणं यात फरक काय? कारचं बॉनेट उघडं असतं, वारा खेळतो. बोट म्हणजे एक मोठं पातेलं आहे. त्यात जे सांडतं, जे जमतं, ते आतच राहतं.

पहिला वायू पेट्रोलची वाफ. ही हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. त्यामुळे ती बोटीच्या तळाशी जाऊन बसते आणि हवेत साधारण दीड टक्का झाली तरी पेटू शकते. टाकी, नळी आणि बॅटरी तिन्ही बोटीच्या मागच्या भागात, एकमेकांना खेटून असतात!

दुसरा वायू हायड्रोजन. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना, विशेषतः शेवटच्या टप्प्यात, पाण्याचं विघटन होतं. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर जादा चार्जिंगच्या प्रत्येक अँपिअर-तासाला एका सेलमधून ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. सहा सेलचे झाले अडीच लिटर. तो हलका, म्हणून बंद खणाच्या वरच्या बाजूला साठतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठल्याही प्रमाणात तो पेट घेतो आणि त्यासाठी लागणारी ठिणगी इतकी क्षुल्लक असते की हिवाळ्यात स्वेटर काढताना होणारी चटचटसुद्धा पुरे.

म्हणजे तळाला पेट्रोल, वर हायड्रोजन आणि मधोमध चिमटा घेऊन उभे आपण. बॅटरी फुटली तर प्लास्टिकचे तुकडे आणि ॲसिड थेट चेहऱ्यावर येतं. हा लेख लिहिण्याचं खरं कारण हेच. इंजिन सुरू न होणं ही अडचण आहे, डोळे जाणं ही आपत्ती आहे.

ठिणगी नक्की कुठे पडते?

समजा चांगली बॅटरी १२.६ व्होल्टची आहे आणि उतरलेली ११.५ व्होल्टची. दोन्हींचे अंतर्गत रोध आणि १६ चौरस मिमीची वायर मिळून एकूण रोध साधारण ३१ मिलिओहम धरू. शेवटचा चिमटा टेकवताक्षणी १.१ व्होल्टच्या फरकाने सुमारे ३५ अँपिअर वाहायला लागतात. म्हणून ठिणगी पडते ती नेहमी शेवटच्या जोडणीवर. पहिल्या तीन जोडण्यांना सर्किटच पूर्ण नसतं.

एवढं समजलं की जंपचा सगळा क्रम पाठ करायची गरज उरत नाही. ठिणगी टाळता येत नाही, पण ती कुठे पाडायची हे आपल्या हातात आहे. ती बॅटरीपासून आणि पेट्रोलपासून लांब पाडायची. बस्स, एवढंच तत्त्व.

आता पायरीपायरीने

तयारी

१. बोट काठाला लावा आणि दोरीने पक्की बांधा. बोटीतल्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट. कामाला लागणारी दोनच माणसं बोटीत, बाकीचे काठावर. पंख्याजवळ पाण्यात कुणी नको.
२. बिडी, सिगारेट, काडीपेटी दूर. टाकीचं झाकण घट्ट. बॅटरीचा खण उघडा आणि निदान पाच मिनिटं वारा लागू द्या. तळाशी वाकून नाकाने वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर गळती शोधा, तळ पुसून कोरडा करा, पुन्हा थांबा. वास जाईपर्यंत वायरीला हात लावू नका.
३. अंगठी, धातूचं कडं, घड्याळ काढून ठेवा. डोळ्यांना चष्मा हवा. वर्कशॉपमधला गॉगल एरवी कपाळावर मिरवायला असतो, इथे तो डोळ्यांवरच लावा.
४. उतरलेली बॅटरी नीट पाहा. फुगलेली, तडकलेली, गळणारी किंवा आतलं पाणी प्लेटांच्या खाली गेलेली असेल तर तिला जंप देऊ नका. सरळ बदला.
५. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्या आहेत ना? बऱ्याच ट्रक आणि बसची यंत्रणा २४ व्होल्टची असते. मदतीला आलेल्या ट्रकवरून थेट जंप घेतला तर मोटरीचं इलेक्ट्रॉनिक्स जळालंच म्हणून समजा.
६. मदतीची बॅटरी सुटी आणलेली असावी किंवा जंप स्टार्टर असावा. काठावर जीप उभी करून तिचं इंजिन चालू ठेवून वायरी टाकू नका. बोट हलते, वायर ताणली जाते, चिमटा निसटतो आणि नको तिथे ठिणगी पडते.
७. बोटीवरचे दिवे, पंप, वायरलेस, सगळं बंद. चावी बंद.

जोडणी

१. लाल वायरीचं एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
२. लाल वायरीचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
३. काळ्या वायरीचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला.
४. काळ्या वायरीचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला लावू नका! ते मोटरीच्या बिनरंगाच्या धातूच्या बोल्टला लावा. बॅटरीची निगेटिव्ह केबल मोटरीला जिथे जोडलेली असते तो बोल्ट उत्तम. कार्बोरेटर, पेट्रोलची नळी, फिल्टर यांच्यापासून लांब. ठिणगी इथे पडेल, तेव्हा तोंड बाजूला.

हे सगळं करताना चिमटे एकमेकांना लागू देऊ नका. बोट ॲल्युमिनियमची असेल तर मोकळा चिमटा बोटीच्या अंगालाही लागू द्यायचा नाही.

सुरू करणं

जोडल्याबरोबर सेल्फ मारायची घाई करू नका. पाच मिनिटं थांबा. या पाच मिनिटांत सरासरी २० अँपिअर जरी वाहिले तरी उतरलेल्या बॅटरीत दीड अँपिअर-तासांच्या वर भर पडते. आणि एका स्टार्टला लागतात १५० अँपिअर, ३ सेकंद, म्हणजे जेमतेम ०.१३ अँपिअर-तास! थांबण्याचा फायदा दहापट आहे.

मग खाली इंजिनाची पाणी ओढायची जाळी पाण्यात बुडाली आहे हे पाहा, न्यूट्रल पाहा आणि सेल्फ मारा. एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांत निदान दोन मिनिटांची विश्रांती. स्टार्टर मोटर सतत चालायला बनवलेली नसते, ती तापून जळते. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर थांबा. दोष दुसरीकडे आहे.

इंजिन सुरू झालं की वायरी उलट्या क्रमाने काढा. आधी मोटरीवरची काळी, मग चांगल्या बॅटरीवरची काळी, मग तिथली लाल, शेवटी उतरलेल्या बॅटरीवरची लाल.

उलटं लावलं तर?

लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर काय होतं? मग १.१ व्होल्टचा फरक राहत नाही. दोन्ही बॅटऱ्या सिरीजमध्ये येतात आणि २४ व्होल्ट त्याच ३१ मिलिओहममधून ढकलू लागतात. प्रवाह ७५० अँपिअरच्या घरात! एकट्या जंपर वायरीत साडेतीन किलोवॅटच्या वर उष्णता तयार होते. हॉस्टेलचे जवळपास दोन गीझर एका वायरीत. प्लास्टिक वितळतं, चिमटा चिकटून बसतो, बॅटरी उकळते आणि रेक्टिफायर तर पहिल्या क्षणीच जातो. म्हणून टॉर्चच्या उजेडात, पावसात, घाईत असताना '+' आणि '−' ही खूण मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने ती तपासायची. वायरीच्या रंगावर विश्वास नको, बॅटरीवरच्या खुणेवर ठेवा.

सुरू झाल्यावर

काम अजून संपलेलं नाही. इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार बाहेर पडते आहे का ते लगेच पाहा. ओबीएम बाहेरच्या पाण्याने थंड होते. पुराच्या पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्या असतातच. जाळी बंद झाली तर धार थांबते आणि पंपातला रबरी इम्पेलर थोड्याच वेळात करपतो. धार नाही तर इंजिन बंद.

इंजिन चालू असताना बॅटरी अजिबात सोडू नका. "सुरू झालं ना, मग ही बॅटरी दुसऱ्या बोटीला देऊ" हा मोह महागात पडतो. मोटरीच्या जनित्रातून येणारे चढउतार बॅटरी गिळत असते. ती काढली की व्होल्टेज उसळतं आणि रेक्टिफायर-रेग्युलेटर जळतो. मग मोटर मध्येच बंद पडू शकते आणि खाली प्रवाह तर वाहतोच आहे.

आणखी एक गैरसमज. "तासभर चालवली की बॅटरी आपोआप चार्ज होईल." हिशेब करा. जुन्या मधल्या ताकदीच्या मोटरींचं जनित्र ८० वॉटच्या आसपास असतं, म्हणजे पूर्ण वेगात ६ अँपिअर. ७० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरलेली असेल तर ३५ अँपिअर-तास भरायला सहा तास पूर्ण वेगाने हिंडावं लागेल. मंद वेगात तर जवळजवळ काहीच भरत नाही. तेव्हा जंपनंतरच्या पहिल्या फेरीत मधे इंजिन बंद करू नका, एकटी बोट लांब पाठवू नका आणि परत आल्यावर बॅटरी हवेशीर जागी चार्जरला लावा. क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट, म्हणजे ७० च्या बॅटरीला ७ अँपिअर, रात्रभर.

ॲसिड उडालंच तर

भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं धुवत राहा. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून धुवा आणि थेट दवाखाना गाठा. डोळ्यांत सोडा वगैरे घालायचे प्रयोग नकोत. म्हणून बोटीत आणखी काही नसलं तरी पिण्याच्या पाण्याचा एक कॅन हवाच. पुराचं पाणी डोळे धुवायच्या लायकीचं नसतं.

कोकणातल्या मित्रांसाठी एक वाढीव सूचना. लेड-ॲसिड बॅटरीत समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार होऊ शकतो. अशा बॅटरीपासून लांबच राहा.

हॉस्टेलला याचा काय उपयोग?

भरपूर! हॉस्टेलमागच्या जनरेटरची बॅटरीही याच जातीची. सरांच्या कारचीही. पॉझिटिव्ह आधी, शेवटचा चिमटा इंजिनाच्या धातूला, काढताना उलटा क्रम, हे नियम तिथेही तेच. फक्त जनरेटरची यंत्रणा १२ ची की २४ ची, ते आधी वाचा. बाइकला मात्र चालू कारवरून जंप देऊ नका. तिची बॅटरी चिमुकली असते, किक किंवा चार मित्रांचा धक्का केव्हाही बरा. आणि बाइक पुरात बुडालेली असेल तर सेल्फला हातच लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

जाता जाता

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावी लोकांना बाहेर काढणारी नावच उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं त्यात होती. जीव वाचवायला आलेलं साधनच जीव घेऊ शकतं. ते टाळण्याचं काम पुराच्या दिवशी होत नाही, त्याच्या आधी होतं.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. आपल्या एनएसएस युनिटने आणि ऑटोमोबाइल क्लबने मिळून दरवर्षी मे महिन्यात जवळच्या तलावावरच्या किंवा बचाव पथकाच्या बोटींसाठी, त्यांच्या परवानगीने, एक दिवस द्यावा. लागणारं साहित्य म्हणजे एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर, टर्मिनल घासायला सँडपेपर, पेट्रोलियम जेली आणि वही. प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वहीत लिहायचं, उतरलेली चार्जरला लावायची, मेलेलीची नोंद संबंधितांना द्यायची, आपत्कालीन दोरी पेटीत आहे का ते पाहायचं. एका दुपारचं काम आहे. सबमिशनच्या फायलीत जेवढी पानं आपण दर सेमिस्टरला उतरवून काढतो, त्यापेक्षा कमीच लिहावं लागेल.

बॅटरी मे महिन्यात तपासलेली असली की जुलैत जंपर काढायची वेळच येत नाही. आणि आलीच, तर शेवटचा चिमटा कुठे लावायचा ते आता तुम्हाला माहीत आहे.